बाहेर आलो, आबा

२ डिसेंबर, सोमवार

नोकरी लागली! मी, आर्यन, राहणार कोपर, बारावी दुसऱ्यांदा देता देता कंटाळलेला, आजपासून कामावर. ही डायरी रुचिताताईची आयडिया. ती बोलली, तू महिनाभर रोज लिहून दाखव, वर्षभर तुझ्या वाटणीची भांडी मी घासते. तिला वाटतंय मी दोन दिवसांत सोडणार. तिला माहीत नाही, ह्या नोकरीत बसायलाच एवढं आहे की लिहिण्याशिवाय दुसरं काय करणार.

शहाडच्या पुढे नदीच्या बाजूने एक कच्चा रस्ता आत जातो. शेवटी दगडाची खाण, मध्ये दोन-तीन पाडे. डांबर नाही, नुसता मुरूम आणि खडी. खाणीचे डंपर दिवसभर जातात आणि रस्त्याचा पार भुगा करून टाकतात. मग आमची गँग खड्ड्यात मुरूम भरते, पसरते, टँकर पाणी मारतो, वरून रोलर फिरतो. रस्ता मधोमध जरा उंच ठेवायचा, म्हणजे पाणी दोन्हीकडच्या चरात उतरतं. मुकादम सुदेशदादा बोलला, डांबरी रस्ता एकदा केला की विसरायचा, ह्याला मात्र रोज हात लावायला लागतो. मी बोललो, आमच्या बाबांच्या स्कूटरसारखा. तो हसला नाही. हळूहळू शिकवीन त्याला.

माझं काम म्हणजे घळीच्या अलीकडच्या तोंडाशी दगडावर बसायचं. दोन टेकड्यांच्या मधून रस्ता वाकडा होत जातो ती घळ. एकच गाडी मावते, आणि ह्या टोकाचं त्या टोकाला दिसत नाही. मोबाइलची रेंज नाही. म्हणून काठी. लाल फडकं बांधलेली एकच काठी. माझ्याकडच्या गाड्या सोडायच्या आणि सगळ्यात शेवटच्याच्या हातात काठी द्यायची. ती पलीकडे पोचली की आत कोणी नाही असं समजायचं. मग पलीकडचा त्याच्या गाड्या सोडणार आणि त्याच्या शेवटच्याबरोबर काठी मला परत. ज्याच्याकडे काठी त्याच्याच गाड्या. येड्यालाही जमेल, म्हणून मला दिलंय.

पलीकडे धाकूआबा बसतात. मुरबाडकडचे, म्हातारे, पागोटं बांधतात. सकाळी ओळख करून दिली तेव्हा त्यांनी माझ्या केसांकडे बघून विचारलं, हे डोक्यावर काय चिकटलंय? भारी माणूस.

३ डिसेंबर, मंगळवार

सकाळी काठीला रबरची पाल बांधून पाठवली. दूधवाल्याच्या हातात दिली, तो बिचारा घळीच्या अर्ध्यात किंचाळला ते इथे ऐकू आलं. तासाभराने काठी परत आली, तर पालीच्या तोंडात एक कांदाभजी कोंबलेली. आबांनी. दुपारी मी पालीला कागदाची टोपी घालून पाठवली. परत आली ती पागोटं बांधून.

एवढी चांगली सुरुवात कोणाच्या नोकरीची झाली असेल? नवीन मुरमावर पाणी मारलं की जो वास येतो ना, तो पण आवडायला लागलाय.

४ डिसेंबर, बुधवार

एक गंमत. काठी पोचली तरी आबा लगेच गाडी सोडत नाहीत. आधी घळीच्या तोंडाशी उभे राहून हाक मारतात. घळ पाइपासारखी आहे, आवाज सरळ माझ्यापर्यंत येतो.

"कुंडलिकाऽऽ, आत आहेस का रे?"

मग थांबतात. मग गाडी सोडतात. दर खेपेला. गाडीवाले पण गप्प बसून राहतात, हॉर्न मारत नाहीत. मी सुदेशदादाला विचारलं कुंडलिक कोण, कुत्रा का? तो एकदम तोंड फिरवून बोलला, आबांना हाक मारू दे, तू मध्ये तोंड घालायचं नाही, तू नवीन आहेस.

मला मध्ये तोंड घालू नको सांगणं म्हणजे मांजराला दूध दाखवून दार उघडं ठेवणं.

५ डिसेंबर, गुरुवार

आज केलं.

काठी रिक्षावाल्याबरोबर गेली. जरा वेळाने आबांची हाक आली. मी बाभळीच्या मागे उभा राहून तोंडाशी हात धरले आणि जरा घोगरा, गावठी आवाज काढला. शाळेत मी सगळ्या सरांचे आवाज काढायचो, दोनदा त्यासाठी बाहेर उभा राहिलोय.

"नाही आबाऽऽ, बाहेर आलोऽऽ!"

मी हसू दाबून बसलो. पण गाडी येईना. खूप वेळ येईना. माझ्याकडे चार गाड्या जमल्या, शिव्या सुरू झाल्या. मग एकदाचा डंपर आला, त्याच्या ड्रायव्हरने काठी अशी हातात कोंबली जशी काय मी चोरलेली. बोलला, म्हातारा रस्त्यात फतकल मारून बसलाय. हसतोय पण आणि रडतोय पण. त्याला उठवून बाजूला बसवून आलो.

मी विचारलं, का? तो बोलला, तुला ठाऊक. आणि गेला.

६ डिसेंबर, शुक्रवार

आज काठीबरोबर डबा आला. दोन तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, वर अर्धा कांदा. दूधवाला बोलला, आबांनी सांगितलंय कुंडलिकला दे, उपाशी असेल.

मी सुदेशदादाला शोधलं, तो खाणीकडे गेलेला. काय करू? खाल्ला. चटणी सॉलिड होती. रिकामा डबा परत पाठवला. हाक आली तर उत्तर पण दिलं. नाही दिलं असतं तर आबा परत तसे बसले असते रस्त्यात.

संध्याकाळी लांबून बघितलं, आबा चालत चाललेले, पागोटं नवीन बांधलेलं. गाणं गुणगुणत होते. रोलरवाला बोलला, वर्षात पहिल्यांदा.

मग चूक काय त्यात? माणूस खूश आहे.

९ डिसेंबर, सोमवार

हौसाबाई आल्या. आबांची बायको. गँगमध्येच घमेली टाकतात, पण त्या आठवडाभर गावाला लग्नाला गेलेल्या. सकाळी सरळ माझ्या दगडापाशी आल्या आणि बसल्या. मला वाटलं कानाखाली मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

कुंडलिक त्यांचा मुलगा. ह्याच दगडावर बसायचा, माझ्या जागेवर. म्हणून कोणी मला सांगितलं नाही, मी घाबरून पळालो तर परत माणूस शोधा. गेल्या थंडीत त्याने शेवटच्या टेम्पोच्या हातात काठी दिली. टेम्पो पुढे गेला आणि कुंडलिकला दिसलं, वळणावर वरून एक मोठा दगड रस्त्यात पडलाय. पुढच्या गाडीचं टायर फाटेल म्हणून तो दगड ढकलायला पायी आत गेला. तिकडे काठी पोचली. आबांनी काठी बघितली, म्हणजे आत कोणी नाही, डंपर सोडला. धूळ एवढी की ड्रायव्हरला काही दिसलंच नाही.

हौसाबाई बोलल्या, माझ्या धन्यानं काहीएक चुकीचं केलं नाय. नियमानं वागला आन् पोरगा गेला.

तेव्हापासून आबा हाक मारतात. उत्तर यायचं नाही हे त्यांना ठाऊक होतं. ती हाक म्हणजे, बघ बाबा, आज मी विचारलं, एवढंच होतं.

मी रडलो. सांगितलं, मी आबांचे पाय धरतो, चेष्टा केली म्हणून सांगतो. हौसाबाई मान हलवत राहिल्या. मग जे बोलल्या ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण ते डोक्यातून जात नाहीये. बोलल्या, माझा पोर जिथं व्हता तिथं व्हता. रोज त्याच्या जवळून घमेलं घेऊन जायची, ठिकाण तरी माहीत व्हतं. तू त्याला बाहेर आला म्हणालास. आता तो कुठं हाय, ते सांग.

१० डिसेंबर, मंगळवार

ठरवलं होतं, उत्तर द्यायचं नाही. डबा आला तो पण तसाच भरलेला परत पाठवला.

हाक आली. मी दोन्ही हात तोंडावर दाबून बसलो.

उत्तर आलं.

"नाही आबाऽऽ, बाहेर आलोऽऽ."

घळीतून आलं. माझाच आवाज. मी जो काढलेला ना, घोगरा, तोच, मी शेवट जरा जास्त लांबवलेला तेवढाच लांबवलेला. मी उभा राहून ओरडलो, कोण आहे रे, ये बाहेर. गँगमधल्या कोणीतरी माझीच चेष्टा केली असणार. मला पाहिजेच होती अशी.

पण गँग आज खाणीच्या पलीकडे होती. मी नंतर विचारलं.

आणि दूधवाला बोलला, डबा पोचला तेव्हा रिकामा होता. वाटेत त्याने हात लावला नाही. तो वारकरी आहे, सुकट त्याला चालतच नाही.

११ डिसेंबर, बुधवार

काल संध्याकाळी घळीत पाणी मारून रोलर फिरवला होता. सकाळी सगळ्यात आधी मी पोचलो. मुरूम एकदम गुळगुळीत, आणि त्याच्यावर पावलं.

वळणापासून सुरू होतात. त्याच्या मागे काही नाही, जशी काय तिथेच जमिनीतून वर आल्यासारखी. माझ्या दिशेने येतात. डाव्या पायात चप्पल, उजवा पाय अनवाणी. दहा-बारा पावलं, मग संपतात. परत गेल्याची नाहीत.

रोलरवाल्याला दाखवली. त्याने रोलर फिरवला, पुसून टाकली. दुपारी परत पाणी मारलं.

हौसाबाईंना सांगितलं तर त्या खाली बसल्या. बोलल्या, उजवी चप्पल माझ्याकडं हाय. तेवढीच सापडली व्हती.

१२ डिसेंबर, गुरुवार

आज पोरं मेली असती.

पाड्यावरच्या शाळेच्या पोरांची रिक्षा मी सोडली. काठी रिक्षावाल्याकडेच दिलेली. रिक्षा वळणापर्यंत पण गेली नसेल, काठी पोचलीच नव्हती, आणि तिकडून हाक आली. आणि लगेच ते उत्तर. बाहेर आलो. आणि डंपर सुरू झाल्याचा आवाज.

मी धावत ओरडत आत गेलो. रिक्षावाल्याने रिक्षा चरात घातली, म्हणून वाचली. पोरांना खरचटलं. एक मुलगी माझ्या कमरेला मिठी मारून सोडतच नव्हती.

आबा आता काठीची वाट बघत नाहीत. उत्तर आलं की सोडतात. मुलगाच सांगतोय, आता काठी कशाला?

सुदेशदादाने माझी कॉलर धरली. मी आईची शपथ घेतली, मी नाही बोललो. तो बोलला, तुझ्याशिवाय हा आवाज कोण काढतं? पहिल्या दिवशी तूच चहावर सगळ्यांना आवाज काढून दाखवलेस. भूत बोलतं बोलतोस? मग भुताला सांग, परत बोललास तर घरी जा.

माझ्यावर कोणी का विश्वास ठेवील? मी पण ठेवला नसता.

१३ डिसेंबर, शुक्रवार

दुपारी आबांच्या खोपटात गेलो. पाय धरले. सगळं सांगितलं. पाल, आवाज, डबा मी खाल्ला ते पण.

ते माझ्या डोक्यावरून हात फिरवत ऐकत होते. मग हसले. बोलले, अरे लेकरा, पहिल्यांदा तू होतास ते मला तेव्हाच कळलं. मी बाप आहे. पण आता तू नाहीस.

मी बोललो, आबा, काठी येईपर्यंत गाडी सोडू नका. पोरं मरतील.

ते बोलले, हो, बरोबर आहे. आणि मग बोलले, बाहेर आलाय रे तो. थोडंच राहिलंय.

त्यांचा चेहरा एवढा सुखी होता की मी तसाच उठून आलो.

१४ डिसेंबर, शनिवार

पावलं पुढे सरकली. घळ जवळजवळ संपते तिथपर्यंत. रोज पुसतात, रोज पुढून सुरू होतात.

नोकरी सोडू शकतो. पैज हरून माझी भांडी मीच घासू शकतो, माझ्या बापाचं काय जातंय. पण मग इथे दुसरं कोणीतरी बसेल, त्याला कोणी काही सांगणार नाही. आणि ती रिक्षा रोज जाते. ती मुलगी आज पण हात हलवून गेली.

मी त्याला बाहेर काढला. म्हणजे मीच—

हौसाबाई बोलल्या, त्याची जागा त्याला परत देऊ. सोमवारी चप्पल आणते.

१५ डिसेंबर, रविवार

सुट्टी. घरी. ताईने विचारलं गप्प का. मी तिला हसवायला पाल तिच्या चहात टाकली. ती ओरडली, मग हसली. मी पण हसलो.

आई बोलली, आवाज बसलाय का रे तुझा? घोगरा येतोय.

१६ डिसेंबर, सोमवार

सकाळ. पावलं माझ्या दगडापाशी. दगडाच्या समोर दोन्ही पाय जुळवून उभं राहिल्यासारखी. मी रोज बसतो तिथे, माझ्याकडे तोंड करून.

पुढे नाहीत.

हौसाबाईंनी चप्पल आणलीय. फडक्यात बांधून. निळ्या पट्ट्याची, एका बाजूने झिजलेली. त्या बोलल्या, वळणावर नेऊन ठेव, तो पडलेला तिथं. तूच काढलास, तूच ठेव. आणि ठेवून लगेच पळू नको, जरा बस त्याच्याजवळ, एकटा नको टाकू.

मी विचारलं, तुम्ही येता का? त्या नको बोलल्या. माझ्याच्यानं नाय बघवणार. मी तुझ्या दगडावर बसते, इकडची गाडी सोडत नाय. कोणी इचारलं तर तू आत हाय म्हणून सांगते.

आबांना सांगायचं? त्या बोलल्या, नको. तेंना कळलं तर ठेवू देणार नायत.

जेवणाच्या सुट्टीत जातो. काठी माझ्याबरोबर घेऊन जातो. काठी माझ्याकडे, म्हणजे गाडी सुटू शकत नाही. आबांनी शुक्रवारी कबूल केलंय.

—

वळणावर आलो. चप्पल ठेवली. बाजूला त्याने ढकललेला दगड अजून आहे, चरात अर्धा. मी काठी मांडीवर घेऊन त्याच्यावर बसलोय. लिहितोय, दगडावर बसलं की लिहायचीच सवय झालीय.

काय बोलू त्याला? बोललो, सॉरी भाई. तुझ्या आईला रोज इथून जाताना बरं वाटायचं. तू इथेच राहा. मी नको तिथे तोंड घातलं.

इथे एकदम शांत आहे. ऊन आहे. मुरूम ओला आहे. वाईट जागा नाहीये.

त्याला पण असंच ऊन असेल तेव्हा.

जरा वेळ झाला. उठतो आता.

—

चप्पल नाहीये. ठेवली तिथे नाहीये.

माझ्या उजव्या पायात आहे. मी घातली नाही. माझी स्वतःची— डाव्या पायातली आहे, उजवी कुठे—

पाय उचलत नाही. मुरूम ओला नाहीये तेवढा. उचलतच नाही.

आबांची हाक—

आत आहेस का रे.

ओरडलो. आहे आबा, आत आहे, मी आहे, आर्यन. तोंडातून हवा येते नुसती. काठी उंच केली, कोणाला दिसणार, वळण—

माझ्या टोकाकडून हौसाबाई बोलल्या. हाक नाही मारली, हळू बोलल्या, पण घळीतून ऐकू आलं.

आलास, बाळा?

त्या रडतायत. मी आत आहे हे त्यांना माहीत आहे. त्या सांगतील. त्या आता सांगतील—

माझा आवाज. माझ्या दगडावरून. घोगरा पण नाही आता, साधा, माझा, घरी बोलतो तसा—

बाहेर आलो, आबा.

त्या काहीच बोलत नाहीयेत.

डंपर सुरू झाला. आबा हसतायत, किती खूश आवाज— धूळ—

हौसाबाई, सांगा ना त्यांना, मी आत